पोवळ्यांची बेटे व त्यांचे पाहुणे

सुटी जवळ आली की "यंदा कोठे जाणार?" हा प्रश्न आमच्या वर्गावर्गांतून ऐकू येऊ लागतो. पूर्वी त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असे, ते म्हणजे आजोळी. कोणी फार तर पचमढीचे किंवा चिखलदऱ्याचे नाव घेई. अलीकडे या उत्तरांत समुद्र आला आहे. कोणी मालवणचे नाव घेतो, कोणी गोव्याचे. आणि २०२४ सालच्या जानेवारीपासून लक्षद्वीपाचे नाव घरोघरी झाल्यामुळे कोणी तेही घेऊ लागला आहे. जवाहरनगर व भंडारा या भागांतील मुलांना वैनगंगेचे पात्र ठाऊक आहे, तलाव तर आमच्या उशापायथ्याशी आहेत. परंतु समुद्र आम्हांपासून शेकडो कोस दूर. तेव्हा पांढरी वाळू, निळे पाणी आणि जलक्रीडा यांची चित्रे पाहून मुलांचे मन तिकडे ओढ घेते, यात नवल नाही. आमचे त्याला मुळीच अडवणे नाही. मात्र ज्याच्या घरी पाहुणे म्हणून जावयाचे, त्याची ओळख आधी करून घ्यावी, अशी आपल्याकडे रीत आहे. ती ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

आमच्या शाळेच्या शास्त्राच्या खोलीत काचेच्या कपाटात एक पांढरा, फांद्याफांद्यांचा तुकडा कित्येक वर्षांपासून ठेवलेला आहे. त्याखालच्या चिठ्ठीवर 'समुद्रातील फूल' असे लिहिलेले होते, आणि आम्हीही अनेक वर्षे मुलांना तो तसाच दाखवीत आलो. गेल्या वर्षी आठवीतील एक मुलगी आईवडिलांबरोबर मालवणास जाऊन आली. तोंडावर काच व नळी लावून तिने पाण्याखालचा देखावा पाहिला होता. परत आल्यावर कपाटापुढे उभी राहून ती म्हणाली, "सर, तिथली फुलं तपकिरी न् हिरवी होती. आपलंच पांढरं कसं?" या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते की आमचे फूल हे फूल नव्हतेच, ते हाडे होती. एका लहान प्राण्याच्या मोठ्या कुटुंबाचा तो सांगाडा होता. इतकी वर्षे आपण चुकीची चिठ्ठी लावून बसलो, याची त्या दिवशी आम्हांस लाज वाटली.

पोवळे हा शब्द आपल्याला अंगठीमुळे ठाऊक असतो. अंगठीतील तांबडे पोवळे हे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. ते बेटे बांधणाऱ्या पोवळ्यांचे चुलतभावंड होय. बेटे बांधणारे पोवळे, ज्यास ग्रंथांत प्रवाळ म्हणतात, त्याचा एकेक जीव बहुधा ज्वारीच्या किंवा तुरीच्या दाण्याएवढाच असतो. शरीर म्हणजे मऊ पिशवी, वर एक तोंड, आणि तोंडाभोवती बारीक हातांचे कडे. रात्री हे हात पसरून तो पाण्यातील सूक्ष्म जीव पकडतो. त्याच्या हातांत दंश करणाऱ्या पेशी असतात. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला चुना शोषून तो आपल्या बुडाशी चुनखडीची वाटी बांधतो आणि तीत राहतो. त्या एकाचे दोन होतात, दोनाचे चार होतात. जुन्यांच्या वाट्यांवर नव्यांच्या वाट्या चढतात. असे हजारो-लाखो जीव एकमेकांस चिकटून राहिले म्हणजे त्यांचा झुडपासारखा, पंख्यासारखा किंवा घुमटासारखा आकार होतो. आपण पाहतो ते एक झुडूप म्हणजे वस्तुतः एक गाव असते.

परंतु या गावाचे अर्धे रहस्य अजून सांगावयाचे आहे. प्रवाळाच्या अंगात अतिशय सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो, आणि ते शैवाल सूर्यप्रकाशात झाडाच्या पानाप्रमाणे अन्न तयार करून त्यातील बहुतेक भाग घरमालकास देते. प्रवाळाच्या गरजेपैकी नऊ दशांशापर्यंतचा पुरवठा अशा रीतीने होऊ शकतो. प्रवाळाचा तपकिरी व हिरवट रंग मुख्यतः या भाडेकऱ्याचा असतो. प्रवाळाचे स्वतःचे अंग बहुतांशी पारदर्शक असून खालचा चुना पांढरा असतो. आमच्या कपाटातील तुकडा पांढरा का, हे यावरून कळेल. तेथे घरमालकही उरला नव्हता आणि भाडेकरूही.

शैवालाला ऊन हवे, म्हणून प्रवाळाला स्वच्छ व उथळ पाणी लागते. पाणी उबदार हवे, पण कढत नको. साधारणपणे २३ ते २९ अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. गढूळ व गोड्या पाण्याशी त्याचे जमत नाही. आपली वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते आणि गोदावरी पावसाळ्यात अर्ध्या दख्खनचा गाळ घेऊन बंगालच्या उपसागरात उतरते. मोठ्या नद्यांच्या अशा मुखांपाशी प्रवाळाची वस्ती होत नाही. भारतात प्रवाळाची मोठी ठिकाणे चार आहेत: कच्छचे आखात, मन्नारचे आखात, अंदमान व निकोबार, आणि लक्षद्वीप. पैकी लक्षद्वीप सर्वांत निराळे. कारण इतरत्र प्रवाळ जमिनीच्या कडेने वाढला आहे, तर लक्षद्वीपात जमीन हीच प्रवाळाची केलेली आहे.

भर समुद्रात कंकणासारखी वाटोळी बेटे तयार कशी होतात, हे कोडे पुष्कळ दिवस सुटत नव्हते. प्रवाळ तर उथळ पाण्यातच जगतो. मग खोल समुद्राच्या तळापासून तो वर आला कसा? चार्ल्स डार्विन याने 'बीगल' जहाजाच्या सफरीत १८३६ साली हिंदी महासागरातील कीलिंग बेटे पाहिली आणि १८४२ साली आपल्या ग्रंथात उत्तर मांडले. समुद्रातून एक ज्वालामुखी पर्वत वर येतो. त्याच्या किनाऱ्याभोवती प्रवाळ वस्ती करतो. पुढे लक्षावधी वर्षांत पर्वत आपल्या भाराने हळूहळू खचू लागतो; प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने तितक्याच गतीने वर बांधीत राहतो. अखेर पर्वत दिसेनासा होतो, त्याच्या भोवतालचे कडे तेवढे उरते आणि मध्ये उथळ पाण्याचे तळे राहते. डार्विनची ही कल्पना खरी की खोटी, हे पुढे शंभरांहून अधिक वर्षांनी कळले. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर खोल भोक पाडले, तेव्हा १,२०० मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडीखाली खरोखरच ज्वालामुखीचा काळा पाषाण लागला.

लक्षद्वीपाविषयी आम्हां विदर्भवासीयांस जवळची वाटेल अशी एक गोष्ट आहे. नागपूरची सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे, तो दगड म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हारस. भंडाऱ्याचे खडक त्याहून कितीतरी जुने आहेत. पण नागपुरापासून पश्चिमेस सह्याद्रीपर्यंत हा काळा दगडच पसरला आहे. भूशास्त्रज्ञांचे मत असे की, भूगर्भातील ज्या उष्ण स्थानामुळे हा लाव्हा वर आला, त्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रात ज्वालामुखी पर्वतांची एक रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव व चागोस ही प्रवाळबेटे त्याच रांगेच्या माथ्यावर उभी आहेत. म्हणजे सीताबर्डीचा दगड व लक्षद्वीपाचा पाया हे एकाच चुलीवरचे होत.

लक्षद्वीप या नावाचा अर्थ लाख बेटे असा असला तरी मोजदादीत ती ३६ धरीत आले आहेत, व त्यांपैकी १० बेटांवर कायम वस्ती आहे. १९५६ साली हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९७३ साली त्यास हे नाव मिळाले. राजधानी कवरत्ती. सर्व बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ६४,४७३. उलट, प्रवाळाच्या कड्यांनी वेढलेले उथळ पाणी सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. आपल्या सबंध भंडारा जिल्ह्याएवढे तळे आणि त्यात काही गावांच्या शिवारांएवढी जमीन, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. आणि ही जमीनही समुद्रसपाटीपासून फार तर काही मीटर उंच! तेथे डोंगर नाही, नदी नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते, तेवढेच विहिरींस मिळते. ते पुरेनासे झाले म्हणून २००५ साली कवरत्तीस समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना घालावा लागला. लोकांचा निर्वाह नारळावर व मासेमारीवर चालतो. मिनिकॉयचे कोळी उथळ पाण्यात लहान मासे जिवंत धरतात, आणि त्यांच्या आमिषाने बाहेरच्या समुद्रात कुपा मासा गळाने पकडतात. प्रवाळ नसेल तर लहान मासे नाहीत, आणि लहान मासे नसतील तर कुपाही नाही.

प्रवाळाचे कडे तेथे नेमके काय काम करते, हे समजण्यास आमच्या जिल्ह्यातील मुलांना दूर जावयास नको. येथील कोहळी पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या मातीच्या पाळी घालून तलाव बांधले, ते आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. पाळ आहे तोवर तलाव आहे, तलाव आहे तोवर धान आहे, आणि धान आहे तोवर गाव आहे. प्रवाळाचे कडे ही लक्षद्वीपाची पाळ होय. आपली पाळ पाणी आत अडविते. ती पाळ समुद्राला बाहेर अडविते. जगातील निरनिराळ्या ठिकाणच्या मोजणीवरून असे दिसून आले आहे की, प्रवाळाचे कडे येणाऱ्या लाटांचा सरासरी ९७ टक्के जोर मोडून टाकते. म्हणून बाहेर समुद्र खवळलेला असताना आतील पाण्यात लहान मूलही डुंबू शकते. पाहुण्यांस आवडणारी ती पांढरी वाळूसुद्धा प्रवाळाचीच होय. लाटांनी चुरा केलेला प्रवाळ तीत असतोच; शिवाय पोपटमासा नावाचा मासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडून त्यावरचे शैवाल खातो व चुन्याची पूड अंगातून बाहेर टाकतो, तीही त्या वाळूत मिसळलेली असते. हे सांगितले म्हणजे वर्गात मोठा हशा पिकतो. पण गोष्ट खरी आहे.

अशी ही पाळ बांधण्यास वेळ किती लागतो? घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षास सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. वीतभर उंचीचा घुमट म्हणजे वीस-बावीस वर्षांचे काम. आमच्या शाळेत पहिलीत आलेले मूल शिकून, नोकरीस लागून लग्नास उभे राहते, तितका काळ. आणि पोहणाऱ्याच्या पायाचा एक भार पडला म्हणजे ते एका क्षणात मोडते.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्या राज्यात प्रवाळाची बेटे नाहीत. परंतु प्रवाळ आहे. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवर तो वाढलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर हा किल्ला बांधावयास घेतला, त्याच्याच आसपास १९८७ साली २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथून उत्तरेस विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर भर समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचे एक पठार पाण्याखाली बुडालेले आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे पठार सुमारे ४० किलोमीटर लांब असून त्याचा माथा पाण्याखाली २० मीटरांच्या आसपास आहे, आणि त्यावर प्रवाळाची दाट वस्ती आहे. तेथे सहज जाता येत नाही. मालवणास मात्र कोकण रेल्वेने कुडाळला उतरून जाता येते, व थोड्या खर्चात मुलांना प्रवाळ प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. लक्षद्वीपास जाण्यास सरकारी परवाना लागतो. कोचीहून जहाजास साधारणपणे १४ ते १८ तास लागतात, आणि विमान अगत्ती बेटावर उतरते.

जलक्रीडेविषयी दोन शब्द आईबापांसाठी. तलावात पोहणारा मुलगा समुद्रातही पोहेल, असे समजू नये. समुद्रात कोठे कोठे किनाऱ्यापासून आत ओढून नेणारा जोराचा प्रवाह असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये; दम जातो. किनाऱ्यास समांतर पोहून प्रवाहाबाहेर यावे आणि मग परतावे. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नये. होडीत तरंगते जाकीट अंगात हवेच, मग पोहता येवो वा न येवो. पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणाऱ्याने शिकविणाऱ्याचा एक नियम जन्मभर लक्षात ठेवावा: श्वास रोखून वर येऊ नये. पाण्याखाली दहा मीटरांवर हवेचा दाब दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास वर येताना बॉईलच्या नियमाप्रमाणे दुप्पट फुगू पाहतो, आणि तो कोंडला तर फुप्फुस फाटते. बुडी मारल्यानंतर एक पुरा दिवस विमानातही बसू नये.

आणि आता मुलांसाठी. पाण्यात असताना प्रवाळावर उभे राहू नका. त्यास हात लावू नका. नुकते पोहावयास शिकला असाल तर काचेच्या तळाच्या होडीतून पाहा. तीत कमीपणा नाही. उन्हासाठी अंगभर कपडे घाला. काही मलमांतील द्रव्ये प्रवाळास अपायकारक ठरली आहेत. होडीवाल्यास नांगर प्रवाळावर टाकू नका, अशी नम्रपणे विनंती करा. आणि काहीही उचलून आणू नका. बेटे बांधणारे प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत बसविलेले आहेत. ते तोडणे, विकणे वा विकत घेणे हा अपराध होय. नागझिऱ्यास जाऊन कोणी वाघाचा दात खिशात घालून आणील काय?

परंतु एवढे पाळले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे म्हणता येत नाही. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अवघा एक अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो तत्काळ मरत नाही. पण उपाशी असतो. पाणी लवकर निवाले तर शैवाल परत येते, न निवाले तर प्रवाळ मरतो. लक्षद्वीपात १९९८, २०१० व २०१६ साली असे मोठे प्रसंग आले, आणि २०२४ साली पुन्हा आला. अगत्ती, कदमत व कवरत्ती येथील निरीक्षणांत १९९८ साली सुमारे ३७ टक्के तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, तो २०२२ साली सुमारे २० टक्क्यांवर आला. पाळ वर चढावयाची थांबली आणि समुद्र मात्र चढत राहिला, तर त्या ६४ हजार माणसांचे काय होईल, हे तलावाकाठच्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. बंगारमजवळचे 'पराळी एक' हे निर्जन बेट १९६८ साली मोजलेले होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पूर्ण झिजून गेल्याचे आढळले.

समुद्र तापण्याचे मुख्य कारण म्हणजे माणसाने जाळलेला कोळसा व तेल. तो कोळसा किनाऱ्यावरच जळतो असे नाही. आमच्या विदर्भातही तो जळतो, आणि त्याच्या विजेवर आमच्या वर्गातील पंखे फिरतात. तेव्हा ज्याने समुद्र कधी पाहिला नाही, त्याचाही या गोष्टीशी संबंध आहे. रिकाम्या वर्गातील पंखा बंद करणाऱ्या मुलाने लक्षद्वीप वाचविले, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे होईल. हे काम राष्ट्रांनी करावयाचे आहे. पण राष्ट्रे माणसांचीच झालेली असतात, आणि उद्या मत देणारी, कारखाने चालविणारी, कायदे करणारी माणसे आज आमच्या बाकांवर बसलेली आहेत.

पवित्र शास्त्रात ईयोबाच्या पुस्तकात पोवळ्याचा उल्लेख येतो, तो ज्ञानाची किंमत सांगताना. ज्ञानापुढे पोवळ्याची काय कथा, असा त्याचा भाव आहे. आम्हांस त्यात एक अधिक बोध दिसतो. पोवळ्याचे ज्ञान झाल्यावाचून पोवळ्याची खरी किंमतही कळत नाही. आम्ही वर्षानुवर्षे त्याला फूल म्हणत होतो. देवाने मनुष्याला पहिल्याने बागेत ठेविले ते ती सांभाळण्यासाठी. आणि सांभाळावयाचे तर काय जिवंत आहे व काय नाही, एवढे तरी कळले पाहिजे.

कपाटातील तो तुकडा आम्ही काढून टाकिला नाही. त्याखालची चिठ्ठी मात्र बदलली आहे. नव्या चिठ्ठीवर त्याच मुलीच्या अक्षरात लिहिले आहे: 'प्रवाळाचा सांगाडा. जिवंतपणी तपकिरी होता.' पालकांनी शाळेत येतील तेव्हा तो अवश्य पाहावा, आणि मुलांना समुद्रावर नेण्यापूर्वी त्याच्यापुढे घटकाभर उभे करावे, अशी आमची विनंती आहे.